तू करू न दिलेला ताळा

दादा, परवापर्यंत मी तुझ्यासाठी रडत होते. आज मी तुझ्यावर संतापले आहे आणि भांडायला तू नाहीस. जन्मभर आपण दोघं पाटीवर भांडलो, ते चालायचं. हे भांडण पाटीवरचं नाही, आणि नेमकी त्याची वेळ आली तेव्हा तू हार घालून फोटोत जाऊन बसलास.

तुझ्या तेरवीला तुझ्या अधारतालच्या घरात माणूस मावत नव्हतं. कारखान्यातले तुझ्या वेळचे म्हातारे काठ्या टेकत आले होते. जो तो तुझे गुण गात होता. मेल्या म्हशीला मणभर दूध हे मलाही कळतं, पण तुझ्याबद्दल कोणी फार वाढवून बोलत नव्हतं. शेवटी मलाही उभं केलं. मी म्हटलं, आई गेली तेव्हा मी मांडीवर होते, बाबा गेले तेव्हा तिसरीत. मला मावशीनं वाढवलं आणि दादानं शिकवलं. पण मावशी एक दिवस मला टाकून निघून गेली, दादा कधी गेला नाही. एवढं बोलून मी डोळ्यांना पदर लावला. वहिनी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, तीही रडते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी अंगणातल्या सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. घडी घालायला जवळ आलो तशी ती थांबली आणि म्हणाली, "छबूताई, मावशी तुम्हाला टाकून नव्हत्या गेल्या. यांनी पाठवलं त्यांना. अन् तुमचं नाव सांगून पाठवलं."

मी ती घडी पुरी केली. दुसरी सतरंजी उचलली, झटकली. हातांना काम हवं होतं. मग तिनं बाकीचं सांगितलं. ते सगळं मी तुला ऐकवणार आहे. पण त्याआधी काही गोष्टी पुन्हा एकदा मांडते, कारण मला आता त्या वेगळ्या दिसायला लागल्या आहेत आणि तुला त्या पहिल्यापासून तशाच दिसत असणार.

आपलं क्वार्टर दोन खोल्यांचं. बाबांच्या जागी तू कारखान्यात लागलास म्हणून डोक्यावरचं छप्पर वाचलं. घरात तू, मी आणि मावशी. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेली. आर्वीला दिराच्या घरी ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवायची. आईच्या मागे मला सांभाळायला म्हणून जबलपूरला आली आणि इथलीच झाली. तिला अक्षरओळख नव्हती. पण मी पाटीवर काही मांडत असले की ती हात पुसत यायची, पाटीकडे कौतुकानं बघायची आणि शेजारणीला सांगायची, आमच्या छबूचं कधी चुकत नाही.

तुझं काम रेट फिक्सरचं. कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं, एक नग व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि एका पाळीत किती नग निघाले पाहिजेत ते ठरवायचं. असल्या माणसाला कामगार शिव्या देतात. तुला कोणी दिल्या नाहीत, कारण घाम पुसायचा वेळसुद्धा तू हिशेबात धरायचास. कारखान्याचं घड्याळ तिथंच ठेवून यायचास, टिकटिक मात्र घरी आणायचास. नळाखालची बादली, चढावरची सायकल, जे दिसेल त्याचं तू गणित करायचास आणि माझ्या पुढ्यात टाकायचास. शाळेच्या पुस्तकातली गणितं तुला चालत नव्हती. तू विचारायचास, "हे आंबेवाले कोण होय गं? पाहिले का तू यांना? न पाहिलेल्या माणसाचा हिशेब काहून करून राहिली?" गणित घरातलं पाहिजे, डोळ्यांसमोरचं पाहिजे, हा तुझा कायदा होता.

शाळेत बहनजी 'माना कि' म्हणून सुरुवात करायच्या आणि एका दमात उत्तरापर्यंत पोचायच्या. तू मला 'क्ष मानू' इथंच अडवून ठेवायचास. क्ष म्हणजे काय? नुसतं 'पोळ्या' म्हणून भागायचं नाही. 'अर्ध्या तासात होणाऱ्या पोळ्यांची संख्या', असं पूर्ण वाक्य हवं. मग उदाहरणातलं एकेक वाक्य घेऊन चिन्हांत लिहायचं, समीकरण मांडायचं, सोडवायचं. उत्तर आलं की मी उड्या मारायचे आणि तू म्हणायचास, "चलो, आता ताळा." म्हणजे आलेलं उत्तर परत उदाहरणाच्या शब्दांत घालायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि स्वतःला विचारायचं की असं खरंच होऊ शकतं का. होत असेल तरच उत्तराखाली रेघ मारायची. ताळा न करता रेघ मारली तर तू माझ्या पाटीला हात लावायचा नाहीस.

पोळ्यांचं गणित तुला आठवत असेलच. मावशीच्या मागे तू मनगटावरचं घड्याळ धरून उभा. एका पोळीला लागणारा वेळ घेतलास, तुझ्या डब्यातल्या आणि आपल्या ताटांतल्या पोळ्या मोजल्यास, आणि भोंग्याआधी डबा तयार व्हायला तिनं चुलीशी केव्हा बसावं ते मला काढायला सांगितलंस. मी काढलं. पण ताळा जुळेना. मावशीला रोज जास्तच वेळ लागायचा. तू म्हणालास, मावशी हळू लाटते. ती लाटणं उगारून म्हणाली, "मी काय तुझ्या कारखान्यातली मशीन होय का रे?" मग मी शेजारी बसून तिच्या पोळ्या मोजल्या. पहिली गाईची निघायची आणि शेवटची कुत्र्याची. त्या दोन आपण धरल्याच नव्हत्या. तू पोट धरून हसलास आणि समीकरणात 'अधिक दोन' घातलेस. तेव्हापासून आपल्या घरात पिठाचं, पोळ्यांचं कुठलंही गणित असो, त्यात अधिक दोन आलेच. एकदा मी सवयीनं ते शाळेच्या पेपरात लिहून आले आणि बहनजींनी उत्तरावर फुली मारली. घरी येऊन मी रडले तर तू म्हणालास, त्यांच्याकडे गाय येत नसेल.

अक्षरांवरून मात्र आपलं कधी पटलं नाही. मला पोळ्यांना 'प' हवा होता, सायकलींना 'स'. तुझा हट्ट क्षचाच. तुझं म्हणणं, प लिहिला की तुला पोळी दिसते. अक्षर म्हणजे पोळी नव्हे, पोळ्यांचा आकडा. माझं म्हणणं, दिसली पोळी तर बिघडलं काय? पुढे मी मुलांना शिकवायला लागले तेव्हा कळलं की तुझंच बरोबर होतं. पोरं अक्षरालाच वस्तू समजतात. एका कारागिरामागे सहा मदतनीस असले तर 'सहा म बरोबर क' असं उलटं लिहून मोकळी होतात. वर्गात मी तुझीच बाजू शिकवली आणि घरी येऊन तुझ्याशी भांडत राहिले. तुझ्यापुढे हार मानायची नाही एवढंच त्यात होतं, आणि मजा होती.

आणि भेडाघाट. तिथं आपण तिघं गेलो होतो, मावशीनं दशम्या बांधून घेतल्या होत्या. पुस्तकातल्या नावेचं गणित तरी खऱ्या नदीवर करून बघू म्हणून तू मला नावेत बसवलंस. नावेचा वेग क्ष, प्रवाहाचा य. जातानाचा वेळ घेतला, येतानाचा घेतला. दोन्ही सारखेच आले. मी मांडून सोडवलं तर य शून्य. नर्मदेला वेगच नाही! मला वाटलं आपलं चुकलं, आणि मी पुसायला हात घातला. तू माझा हात धरलास. म्हणालास, "पुसू नको. ताळा कर." मावशीनं नावेतून पाण्यात हात सोडला होता. ती म्हणाली, इथं तर पाणी हलूनच नाही राहिलं. वर धुवाँधारच्या धबधब्याला एवढी गर्जणारी नदी संगमरवराच्या त्या भिंतींमध्ये खरोखर निजून होती. तू इतका खूश झालास की नाववाला तुझ्याकडे बघतच राहिला. तेव्हा तू मला सांगितलंस, "समीकरण खोटं नाही बोलत, छबू. खोटं बोलला त मांडणारा बोलन."

हे वाक्य मी जन्मभर फळ्यावर लिहीत आले. कितीतरी पोरांच्या वह्यांत ते गेलं असेल. लिहिताना मला तुझा अभिमान वाटायचा.

मग बांगलादेशच्या लढाईचं वर्ष आलं. लढाईचं सामान बनवणारा तुझा कारखाना दिवसरात्र चालू, तुझ्या पाळ्या लांबत लांबत बारा तासांवर गेल्या. एक वेळचं जेवण तुझं कँटीनमध्येच व्हायला लागलं. खिडक्यांच्या काचांना आपण काळे कागद चिकटवले. मी आठवीत होते आणि सगळ्या पोरींना तेव्हा सैन्यात जायचं होतं. रेशनच्या दुकानापुढे मावशी पिशवी घेऊन उभी राहायची. त्यातच तुझं लग्न ठरलं. वहिनी बालाघाटची. मावशीनं तिच्यासाठी आतली खोली सारवून काढली, आपलं अंथरूण चुलीजवळ आणलं, आणि मला म्हणाली, आता तुला वहिनी येईन, मग मला कोण विचारन. मी तिच्या गळ्यात पडले होते.

त्याच दिवसांतली एक दुपार. तू दुपारपाळीला निघायच्या तयारीत, अंगात खाकी, सायकल दाराशी लावलेली. मावशी रेशनच्या दुकानावर गेली होती. तू म्हणालास, चल, आज लढाईचं गणित. मी पाटी घेऊन धावले.

एका चौकीवर तीन जवान पूर्ण जेवणारे आहेत आणि एक अर्धं जेवणारा, कारण त्याचं एक वेळचं जेवण दुसरीकडे होतं. पूर्ण जेवणाऱ्याला महिन्याला बारा किलो धान्य लागतं, अर्ध्याला सहा. चौकीवर धान्य येतं तीस किलो. तर पूर्ण जेवणारे किती जवान दुसऱ्या चौकीवर पाठवावे, म्हणजे उरलेल्यांना पुरेल?

पाठवायच्या जवानांची संख्या क्ष मानू, असं मी झोकात लिहिलं.

१२(३ − क्ष) + ६ = ३०

चुटकीसरशी सुटलं. क्ष बरोबर एक. मी मान वर करून तुझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. तू मनगटावरच्या घड्याळात बघत होतास. मग मी आपल्या कायद्याप्रमाणे 'ताळा' असा शब्द लिहिला आणि तू माझ्या हातातून पाटी काढून घेतलीस. "राहू दे, बरोबर आहे, भोंगा होईन आता," असं म्हणून तळहातानंच ती पुसलीस. तुझा हात पांढरा झाला होता. तसाच सायकलच्या मुठीला लावून तू निघालास. मी दाराशी उभी राहून बघत होते, मुठीवर खडू लागलेला दिसत होता. मला नवल वाटलं होतं, एवढं मला आठवतं. तू मला ताळा करू दिला नाहीस अशी ती एकच वेळ.

आता विचार करते तर सगळंच समोर होतं. तुझं ते पहिलं परकं गणित. आंबेवाल्यांवर चिडणारा तू, कुठली चौकी बघितली होतीस? त्यात अधिक दोनही नव्हते. पूर्ण जेवणाऱ्या तिघी: मावशी, मी आणि येणारी वहिनी. अर्धं जेवणारा कँटीनवाला तू. घरातलं गणित परकं करून, जवानांचे कपडे घालून तू माझ्या पुढ्यात ठेवलंस, आणि मी जयहिंद म्हणत माझ्याच मावशीला घराबाहेर काढलं.

थोड्याच दिवसांनी मी शाळेतून आले तर मावशी नव्हती. ताटाखाली माझ्या पोळ्या झाकलेल्या होत्या. तू म्हणालास, ती आर्वीला गेली, तिला तिच्या माणसांची ओढ लागली होती, तिनंच ठरवलं. मी विचारलं, मला न भेटता? तू म्हणालास, भेटली असती तर पाय निघाला नसता. हे खोटं तू किती जपून बोललास रे. मी आधी वाट पाहिली, मग रुसले, मग माझा राग मुरला. आई मेली ती तिच्या हातात नव्हतं. मावशी मात्र आपल्या पायांनी चालत गेली, असा मी हिशेब केला.

दर उन्हाळ्यात आर्वीकडून येणाऱ्या कोणाबरोबर तरी तिच्या हातच्या कुरडया यायच्या. वहिनी तळायची. मी ताट सरकवायचे, मला नको. तू एखादी उचलायचास, खायचास, माझ्याकडे बघायचास आणि पुन्हा ताटात बघायचास. माझा राग कोणामुळे होता ते तुला ठाऊक होतं. मी कॉलेजात असताना ती आर्वीलाच वारल्याचं कळलं, तेव्हा मी येणार नाही म्हटलं. एरवी गणितात चिन्ह चुकलं तरी मला झोपू न देणारा तू, त्या वेळी एका शब्दानंही आग्रह केला नाहीस. एकटाच गेलास आणि डोकं भादरून परत आलास. मी तुझी समजूत घातली. समजूत, दादा! मी तुला म्हटलं, तिनं आपल्यासाठी काय ठेवलं होतं म्हणून तू एवढं मनाला लावून घेतोस?

आणि तरी तुझं ऋण मला नाकारता येत नाही, याचाच जास्त राग येतो. मुलीला बीएस्सी कशाला म्हणून सगळं गणगोत तुझ्यावर उलटलं होतं. तू कोणाला दाद दिली नाहीस. मदन महलच्या क्वार्टरपासून कॉलेजपर्यंत मला सायकलच्या कॅरियरवर बसवून न्यायचास, चढावर उतरून ढकलायचास आणि तेवढ्यात एक उदाहरण घालायचास. मी शाळेत शिकवायला लागले त्या पहिल्या दिवशी तू वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसलास. मी 'क्ष मानू' म्हटलं आणि एका पोरीला विचारलं, क्ष म्हणजे काय, पूर्ण वाक्यात सांग. तू रुमाल काढून नाक शिंकरलंस. आज माझ्यात जे काही चांगलं आहे ते तू दिलेलं आहे. केसानं गळा कापला तोही तूच.

सतरंज्यांची घडी घालता घालता मी वहिनीला विचारलं की मावशीला तू नेमकं काय सांगितलंस. तिनं सांगितलं की मावशी आधी म्हणाली होती, मी एक वेळ जेवीन, पण राहीन. मग तू म्हणालास, छबूनं गणित मांडून बघितलं, एक माणूस जास्त होतं. त्यावर मावशी म्हणाली, "छबूनं मांडलं त बरोबरच असन." आणि गाठोडं बांधायला उठली.

मला वाटलं याहून वाईट काही नसेल. होतं. वहिनी म्हणाली, "अन् धान्य तर पुरत होतं, छबूताई. माझ्या माहेरून तांदळाचं पोतं यायचं ना. पहिल्याच उन्हाळ्यात मी यांना म्हटलं, मावशींना घेऊन या. गेलेही होते हे. एकटेच परत आले."

मी विचारलं, काहून?

"मावशीनं विचारलं, छबूनं बोलावलं का? हे काहीच नाही बोलले. तर त्या म्हणाल्या, ती बोलावन तवा येईन."

अंगणात कोणीतरी भांडी वाजवत होतं. वहिनी माझ्या हातातलं टोक सोडवून घ्यायला लागली तेव्हा कळलं की मी ते धरूनच उभी होते. ती म्हणाली की हे सगळं तूच तिला सांगितलं होतंस आणि कोणाला न सांगायची शपथ घातली होतीस. आणि तुझी बाजू घ्यायची म्हणून, बिचारीला वाटलं असेल मला बरं वाटेल, ती म्हणाली, "म्हणूनच तर तुम्हाला एवढं शिकवलं त्यांनी."

म्हणूनच. दादा, एवढा एक शब्द ती बोलली नसती तर बरं झालं असतं. आता मला ती सायकलही सरळ दिसत नाही. चढावर तू मला ढकलत होतास की ती दुपार ढकलत होतास? मागच्या बाकावर बसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ते माझ्यासाठी की पुसलेल्या पाटीसाठी? हे मी कोणाला विचारू? वहिनीला माहीत नाही आणि तू उत्तर घेऊन गेलास.

मला समजतं, तू तेव्हा पंचविशीचा होतास. डोक्यावर लढाई, पाळ्या, लग्न, रेशन. दोन खोल्यांत नवी नवरी आणायची होती. घाबरला असशील. मी तुझ्या जागी असते तर मीही घाबरले असते. 'मावशी, जा' असं तू तुझ्या तोंडानं म्हणाला असतास तर मी तुझ्याशी वर्षभर बोलले नसते आणि मग विसरले असते. पण ते म्हणायचं धैर्य तुला झालं नाही, म्हणून तू ते माझ्याकडून म्हणवून घेतलंस. आणि आर्वीहून परत आल्यावर तुला मला फक्त एवढंच विचारायचं होतं, छबू, मावशीला बोलावू का? मी हो म्हटलं असतं. मी धावत स्टेशनवर गेले असते. तुला तेही जमलं नाही, कारण त्या आधीचं एक वाक्य सांगावं लागलं असतं.

दवाखान्यात, तुझ्या शेवटच्या दिवसांत, आपण पुन्हा अक्षरांवरून भांडलो होतो. तुला बरं वाटावं म्हणून मीच विषय काढला. म्हटलं, दादा, मी अजूनही पोळ्यांना प च म्हणते. तू म्हणालास, "चेहरा दिसला की गणित होत नाही, छबू." मी हसले. नर्सला सांगितलं, बघा, अजून मास्तरकी सुटत नाही. तू माझा हात धरून ठेवलास आणि पुढे काही बोलायला तोंड उघडलंस, तर मी म्हटलं, आता झोप. मी तुला बोलू दिलं असतं तर तू बोलला असतास का? नसतास. मी तुला ओळखते. म्हणजे, ओळखते असं वाटत होतं.

आज सकाळी माझ्या शिकवणीच्या फळ्यावर मी ते समीकरण पुन्हा लिहिलं. या वेळी क्ष लिहिला नाही, म लिहिला. तू रागावशील, गणित म्हणून ते वाईटच आहे, मला मावशी दिसते आहे. दिसू दे.

१२(३ − म) + ६ = ३०

म बरोबर एक. मग खाली लिहिलं, ताळा. तिघांतून एक वजा, दोन. बारा दुणे चोवीस, अधिक सहा, तीस. डावी बाजू तीस, उजवी बाजू तीस. आकडे जुळतात, दादा. गणित चोख होतं, तुझं एकही गणित कच्चं नसायचं. मग तुझ्या कायद्याप्रमाणे ते शब्दांत घालून मोठ्यानं वाचलं. एक जवान दुसऱ्या चौकीवर गेला आणि पहिल्या चौकीवर सगळ्यांना पोटभर मिळालं. असं खरंच होऊ शकतं का?

त्या दुपारी मी काय विचारलं असतं ते मला नक्की माहीत आहे, कारण असल्या गणितात दर वर्षी वर्गातलं कोणी ना कोणी पोर तेच विचारतं. बाई, त्या दुसऱ्या चौकीवर रेशन किती आहे?

आर्वीला किती होतं ते तुला माहीत होतं. ती तिथून कशी आली होती तेही. हा प्रश्न माझ्या तोंडून येणार हेही तुला कळलं होतं, तुझीच शिष्या ना मी. म्हणून तर पाटी पुसलीस.

संध्याकाळी मुलं आली. फळ्यावरचं बघून त्यांनी विचारलं, पुसायचं का. मी नको म्हटलं आणि त्यांना बाजूच्या कोऱ्या जागेत शिकवलं. उत्तराखाली रेघ मी मारलेली नाही, दादा. मावशी अजून आर्वीलाच आहे आणि मी तिला बोलावलेलं नाही.